जयवंतीने लादी फोडली

नविनने सायवनजवळच्या आमच्या पाड्यावर स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा ते बघायला डोंगरापलीकडच्या पाड्यांवरूनही माणसं आली. मंडप घातला होता, स्पीकर लावला होता. दाराशेजारी काळ्या दगडाची पाटी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं, ‘भिकीआईची माया’. भिकीआई म्हणजे नविनची आई. पूजा झाल्यावर तिला दारात आणली. तिने आतली पांढरी चकचकीत लादी बघितली आणि थांबली. मग लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि ओढ्यात उतरतात तसा एक पाय चाचपत पुढे टाकला. बायका हसल्या. कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओही काढला.

जयवंती हसली नाही. ती भिकीआईची थोरली लेक, आशागडला दिलेली. माझ्या बाजूलाच उभी होती. मला हळूच म्हणाली, “सोनीबाई, हिला तिथे पाणी दिसतंय.” आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “दात काय काढता? पडेल ती. धरा तिला कुणीतरी.” कुणी पुढे होईना, तेव्हा स्वतःच जाऊन धरलं.

मी सोनीबाई. पाड्यावरची अंगणवाडी माझ्याकडे आहे आणि आमचं अंगण नविनच्या अंगणाला लागून आहे. इथे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी माझ्या ओट्यावरून पाहिलेलं आहे. बाकीचं जयवंतीने सांगितलं. तिला मनात ठेवता येत नाही. राग आला की ती बोलते, आणि राग तिला बऱ्याचदा येतो.

भिकीआई विसरायला लागली ती जुन्या घरातच. पण तिथे ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं घर, शेणाने सारवलेलं, पुढे ओटा, मागे पडवी. ती तीन-तीनदा विचारायची, “नविन आला का गं?” पण विचारता विचारता हात चुलीकडे जायचा, राखेखालचा निखारा उकरायचा, तवा ठेवायचा. पाण्याचं मडकं उजव्या हाताला, मिठाचा डबा कोनाड्यात, मागच्या दाराने बाहेर पडलं की चिंचेखाली आडोसा. डोक्यातून गेलेलं तिच्या हातापायांत शिल्लक होतं. एकदा ती भातात दोनदा मीठ टाकून बसली, एकदा मेलेल्या नवऱ्यासाठी भाकरी बाजूला काढून ठेवली. आम्ही म्हटलं, वय झालं.

नविन तिला डहाणूला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरने सांगितलं, हा स्मृतिभ्रंश आहे, वाढत जाणार, औषधाने फार फरक पडणार नाही. हेही सांगितलं की तिच्या सवयीचं आहे तसंच राहू द्या, घर बदलू नका. जयवंती तेव्हा सोबत होती, तिने हे कानाने ऐकलं. नविननेही ऐकलं. पण त्याच्या डोक्यात काय बसलं असेल ते त्यालाच ठाऊक. तो तलासरीला राहतो, राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आईने नाचणी विकून, गवताचे भारे डोक्यावर वाहून त्याला शिकवला. आई कुडाच्या घरात मरू नये असं त्याला फार वाटायचं. त्याने वाईट मनाने काही केलं असं मी म्हणणार नाही. जयवंती म्हणते. ती म्हणते, मन चांगलं असून उपयोग काय, कान बंद होते ना.

जुनं घर जेसीबीने पाडलं. भिकीआईला त्या दिवशी आमच्याकडे बसवली होती. ती आवाज ऐकत म्हणाली, “कुणाचं घर पडलं गं? बिचारे कुठे राहतील?”

नवं घर चकाचक होतं आणि भिकीआईच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. खिडक्यांना काळी सरकती काच, तिच्यातून बाहेरचं दिसायचं नाही. सगळे दरवाजे एकाच तपकिरी रंगाचे, त्यातला संडासाचा कुठला आणि कपाटाचा कुठला ते तिला समजेना. संडास उघडून दिला तरी आत सगळं पांढरं, पांढऱ्या लादीवर पांढरं भांडं. ती दारातून बघायची आणि मागे फिरायची. गॅस तिला पेटवू द्यायचा नाही असं ठरलं होतं, ते बरोबरच होतं. पण चूल नाही म्हटल्यावर तिच्या हातांना दिवसभर करायला काही उरलं नाही. आणि आरशाचं कपाट. सून जयश्रीने हौसेने घेतलेलं, उंच, पूर्ण आरशाचं. पहिले काही दिवस भिकीआई त्या आरशातल्या म्हातारीला “ये, बस, चहा घे” म्हणायची. मग ती म्हातारी जाईना म्हणून भांडायला लागली. “माझ्या घरात का येऊन बसलीस? तुला पोरंबाळं नाहीत?” शेवटी तांब्या फेकून मारला.

रोज दुपार कलली की ती घर शोधायला निघायची. ज्या जागेवर तिचं घर होतं त्याच जागेवर उभी राहून विचारायची, “बाय, माझं घर कुठे गेलं?” एकदा बाजाराच्या रस्त्याला लागली. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्यानंतर नविनने पुढच्या दाराला लोखंडी जाळी बसवली आणि कुलूप घातलं. किल्ली काकड्याकाकाकडे, म्हणजे भिकीआईच्या दिराकडे. तो दोन वेळ जेवण ठेवायचा, कुलूप लावायचा आणि ताडीला जायचा. मी त्याला म्हटलं, काका, असं कोंडून नका ठेवू. तो म्हणाला, “गुराला पण बांधतोच ना आपण? सुरक्षित आहे ती.” मी नविनला फोन केला. तो म्हणाला, “सोनीबाई, तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?”

शिमग्याच्या आधी जयवंती आली. हातात चिकूची पिशवी, सुक्या बोंबलाची पुडी. अंगणात शिरली तर आई जाळीचे गज धरून उभी. लुगडं ओलं, केस सुटलेले. जयवंती तिथेच थांबली. पिशवी खाली ठेवली. काकड्याकाका ताडीच्या झाडाखाली होता, तिथे गेली, त्याच्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि आली. कुलूप काढलं, आईला बाहेर घेतलं, माझ्याकडे आणून न्हाऊ घातलं. मग माझ्याच ओट्यावर बसून फोन लावला. पाड्यावरची अर्धी माणसं ऐकत होती.

“नविन, आईने काय गुन्हा केला?”

तिकडून तो काहीतरी बोलला.

“कंपनी असू दे तुझी. मी विचारते ते सांग. तुला बारीक असताना कधी कोंडलं होतं तिने?”

तो फोनवर चिडलेला मलाही ऐकू आला. “बाय, बोलणं सोपं आहे. मग तूच सांभाळ.”

“सांभाळते,” जयवंती म्हणाली आणि फोन ठेवला. मग आईचे ओले केस विंचरायला घेतले. आशागडला तिचा नवरा लाहू, चिकूच्या वाडीतलं तिचं रोजचं काम, नुकतीच बाळंतीण झालेली सून. हे सगळं सोडून ती सायवनला राहणार आहे, हे तिला स्वतःलाही फोन ठेवल्यावरच समजलं असावं.

आता जयवंती आणि तिच्या आईचं सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, किती मायेची लेक. आम्ही दोघी चौथीपर्यंत एकाच वर्गात होतो. गणितात ती माझ्या पुढे होती. नविन झाला आणि भिकीआईने तिला शाळेतून काढलं. पोराला कोण बघणार? पोर मोठं झाल्यावर तिला मामासोबत भिवंडीकडच्या वीटभट्टीवर पाठवलं. मी पुढे शिकले, नविन शिकला. ती डोक्यावर विटा वाहत राहिली. आईने कधी त्यावर शब्द काढला नाही आणि हिनेही विचारलं नाही. “विचारेन एकदा, असं म्हणत राहिले,” मला ती म्हणाली. “आता कुणाला विचारू? जिला विचारायचं ती गेली, आणि तिचं अंग धुवायला मी उरले.”

भिकीआई तिला ओळखत नव्हती. तिला वाटायचं ही कामाला ठेवलेली बाई. “कुठल्या पाड्याची गं तू? मजुरी काय ठरली?” एकदा जयवंती न राहवून म्हणाली, “आये, मी तुझी पोर. जयवंती.” भिकीआईने तिला नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “मला पोर नाय. एकच पोरगा, नविन.” जयवंतीने हातातला भाताचा डाव भिंतीवर मारला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. भात करपल्याचा वास आला तेव्हा आत गेली.

तरी ती बघत होती. राग आलेला माणूस बारीक बघतो. आई कुठे थांबते, कुठे बिचकते, कशाला हात लावते. आरशाचं कपाट तिने पहिल्याच आठवड्यात एकटीने ढकलत भिंतीकडे तोंड करून लावलं. भांडण थांबलं. मग तिने शेण कालवलं आणि नविनच्या लादीवर सारवलं. अख्खी पुढची खोली. पाड्यावर हसण्याला ऊत आला. लादीवर शेण सारवतंय कुणी? पण भिकीआई त्या दिवशी लुगडं न उचलता आत गेली, भिंतीला पाठ लावून बसली आणि पायाने जमीन चाचपत राहिली. जयवंतीने मला हाक मारून दाखवलं.

शेण टिकलं नाही. गुळगुळीत लादीला काय चिकटणार? वाळल्यावर पोपडे निघाले, खाली पुन्हा पांढरं पाणी. तिने पुन्हा सारवलं, पुन्हा पोपडे. तिसऱ्यांदा सारवायला बसली आणि भिकीआई तिथेच घसरली. मनगट सुजलं. जयवंतीने तिला ओट्यावर बसवलं, हळद लावली, फडकं बांधलं. मग माझ्याकडे आली.

“पहार दे.”

“कशाला?”

“दे.”

मी दिली. मला वाटलं होतं ती एखाद-दुसरी लादी काढेल. तिने दारापासून सुरुवात केली. आवाज असा की कोंबड्या पळाल्या. लादी फुटायची, खालचा सिमेंट कोबा फुटायला वेळ लागायचा. घाम पुसायची आणि पुन्हा मारायची, आणि मारताना बोलत होती. कुणाशी ते कळत नव्हतं. त्यात नविन होता, ठेकेदार होता, भट्टीचा मालक होता, आईसुद्धा होती. काकड्याकाकाने लांबूनच फोन लावला.

नविन तलासरीहून गाडी घेऊन आला, सोबत जयश्री. तोवर अर्धी खोली उखडली होती. तो दारात उभा राहून बघत राहिला.

“माझं घर फोडलंस तू.”

“तुझं ना?” जयवंती म्हणाली. “मग पाटीवर हिचं नाव कशाला लावलंस?”

“हिच्यासाठीच बांधलं. लोक येऊन बघतात. पूर्ण सायवनात असं घर नाय.”

“लोकांना राहायचंय का इथे? डॉक्टर काय म्हणाला होता तुला? घर बदलू नका. मी पण होते तिथे.”

“मग शेणामातीतच ठेवायची होती का तिला? मी इतका शिकून, कमावून, माझी आई कुडाच्या घरात? लोक तोंडावर थुंकले असते.”

“थुंकू दे की.”

मला वाटलं तो हात उचलतो. जयश्री मध्ये आली. ती नेहमी गप्प असते, बालवाडीत शिकवते, हळू बोलते. त्या दिवशी ती मोठ्याने बोलली. “ताई, तुम्ही आलात आणि फोडलंत. सगळीकडे बोलणार, सुनेने सासूला कोंडलं. मी त्यांना तलासरीला आणायचं म्हटलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, जिना चढता येईना त्यांना. मी नोकरी सोडू का? माझ्या पोरांना सोडू? कुणी विचारलं मला? हे घर बांधताना पण नाय विचारलं. लादीचा रंगसुद्धा ठेकेदाराने ठरवला.”

जयवंतीने पहार भिंतीला टेकवून ठेवली.

हे चाललं असताना भिकीआई ओट्यावरून उठली होती. फुटलेल्या लादीच्या कडेने, उखडलेल्या मातीवरून ती चालत आत आली. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. मध्येच खाली बसली आणि लादीचे तुकडे एकेक उचलून बाजूला ढीग करायला लागली, पेरणीआधी शेतातले दगड वेचतात तसं. नविन पुढे झाला. “आये, लागेल तुला. ऊठ.”

तिने वर बघितलं. पॅन्ट, चकचकीत बूट, कमरेला पट्टा. तिचं तोंड एकदम बदललं. हात जोडले आणि बसल्या बसल्या मागे सरकली. “साहेब, मी नाय तोडली. सुकी होती, पडलेली होती. मोळी घेऊन जा तुम्ही, पण मारू नका.”

तरुणपणी जंगलात लाकडं आणायला जायची आणि फॉरेस्टचे साहेब पकडायचे, तेव्हाचं काही होतं ते. आमच्या आयांनी असली बोलणी खाल्ली आहेत. नविन म्हणाला, “आये, मी नविन.” ती आणखी आक्रसली. “नविन माझा लहान आहे साहेब. त्याला काही करू नका.”

नविन वळला आणि गाडीत जाऊन बसला. जयश्री मात्र लगेच गेली नाही. चप्पल काढून तिने सासूच्या पायाजवळचे धारदार तुकडे घमेल्यात भरले, अंगणाबाहेर नेऊन टाकले, आणि मग गेली. जाताना जयवंतीला म्हणाली, “त्यांना बसायला त्यांची जुनी गोधडी द्या. माझ्याकडे आहे, पाठवते.”

तिने पाठवली.

त्यानंतर पावसाआधी जयवंतीने ते घर आतून वेगळंच करून टाकलं. मुरूम आणि तांबडी माती टाकून पाणी मारलं, चोपून घट्ट केलं, वर शेण सारवलं. भिंती कंबरेइतक्या गेरूने रंगवल्या, म्हणजे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते दिसावं. काळ्या काचा सरकवून खिडक्या उघड्या ठेवल्या. मागच्या पडवीत चूल घातली, पाण्याचं मडकं उजव्या हाताला, मिठाला कोनाडा. संडासाचा नाद सोडला. त्याऐवजी मागच्या दारातून चिंचेपर्यंत पायवाट चोपली, दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा बांधला, आणि चिंचेखाली पूर्वी होता तिथेच आडोसा उभा केला, आत धरायला खुंटी. तिथून तीच वाट घराला वळसा घालून पुढच्या ओट्याशी आणली. भिकीआईला चालायचं असायचं. निघाली की कठडा धरून चालायची आणि चालत चालत ओट्यावर परत यायची. घर सापडलं म्हणून खूश व्हायची, पाणी प्यायची, बसायची. जाळीचा दरवाजा जयवंतीने काढून भेंडीच्या वाफ्याला लावला, कोंबड्या येऊ नयेत म्हणून.

सगळं जमलं असं नाही. बायकांनी हौसेने भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढली, त्याचं भिकीआईला काही वाटलं नाही. उलट एक मोर तिने रात्री साप समजून पुसून काढला. एकदा कठड्याखालून वाकून गेली आणि ओहोळात सापडली, पाय काट्यांनी फाटलेले. तिला आणताना जयवंतीने तिच्या हातावर फाडकन मारलं. मी बघत होते. भिकीआई लहान पोरासारखी रडायला लागली. जयवंतीने तिचे पाय धुतले, काटे काढले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सांग सगळ्यांना. मी मारते पण.” मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण तिनेच म्हटलं की लिहिशील तर तेही लिही.

पाड्यावरच्या माणसांनाही तिने सोडलं नाही. भिकीआई कुणाच्या दारात जाऊन “माझं घर कुठे” म्हणाली की हसायचं नाही, तिला “तुझं घर पाडलं” असं सांगायचं नाही, पाणी द्यायचं आणि सोबत चालत यायचं. काकड्याकाकाने एकदा गंमत केली, “वहिनी, तुझं घर वाघाने नेलं.” जयवंती त्याच्या अंगणात जाऊन तासभर बोलत होती. तेव्हापासून तोच भिकीआईला हाताला धरून आणतो, आणि आणल्यावर ओट्याखालीच थांबतो.

भाताची आवणी म्हणजे लावणी झाली त्या सुमारास एक दुपार होती. पाऊस थांबला होता. दोघी ओट्यावर वरी निवडत बसल्या होत्या, मीही होते. भिकीआईने नेहमीसारखं विचारलं, “तू कुठल्या पाड्याची?” जयवंती कंटाळली होती. म्हणाली, “इथलीच.”

“शिकलीस का?”

“चौथी.”

“मग पुढे का नाय गेलीस?”

जयवंतीचे हात थांबले. सुपाकडे बघत तिने सांगायला सुरुवात केली. भाऊ झाला, आईने शाळेतून काढलं, भावाला कमरेवर घेऊन फिरायची, शाळेच्या खिडकीशी उभी राहायची तर मास्तर हाकलायचा. मग भट्टी. विटांनी केस जायचे टाळूवरचे. ताप आला तरी मामा उठवायचा. नुसतं सपाट बोलत होती, पहिल्यांदाच न चिडता.

भिकीआई ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू रागाने लाल झालं. “कसली आई ती?” ती म्हणाली. “पोराला शाळा आणि पोरीला भट्टी? असल्या बाईला पोर कशाला दिली देवाने? तू तिच्याकडे जाऊ नको. मेली तरी जाऊ नको.”

मी जयवंतीकडे बघितलं. ती सुपातले खडे उगाच चाळत होती. म्हणाली, “तिच्याकडे पण काय होतं? नवरा दारूत. शेत एवढंसं. एकट्या बाईने काय काय करायचं?”

“तरी पण,” भिकीआई म्हणाली. “तरी पण नाय.” आणि सुपातली मूठभर वरी तिच्या पदरात टाकली. “घे. घरी घेऊन जा.”

जयवंतीने नंतर मला सांगितलं की तिला त्या दिवशी बरं वाटलं नाही. लोकांना वाटतं वाटलं असेल. तिला आणखी राग आला. आईला हे समजत होतं, तिच्यात ही अक्कल होती, मग तेव्हा कुठे गेली होती? हा राग कशानेच जाणार नाही असं ती म्हणते, आणि मला ते खरं वाटतं. पण संध्याकाळी तिने ती वरी वेगळी शिजवली आणि दोघींनी खाल्ली.

नविन दिवाळीला आला. गाडी रस्त्यालाच लावली. माझ्याकडे येऊन म्हणाला, “सोनीबाई, जरा आत जाऊ का?” पॅन्ट-बूट उतरवून, बनियनवर टॉवेल गुंडाळून अनवाणी बाहेर आला, शेतावरच्या गड्यासारखा. मग त्यांच्या ओट्यावर जाऊन आईपासून थोडा लांब बसला. भिकीआईने त्याला चहा द्यायला सांगितलं. ओळखलं नाही, पण घाबरलीही नाही. जयवंतीने चहा दिला, त्याच्याशी बोलली नाही. तो दर महिन्याला येतो. ती अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तो एकदा म्हणाला, “बाय, माझं चुकलं.” ती म्हणाली, “मग?” त्याने चहाचा कप विसळून ठेवला.

पंचायतीत मागे सत्काराचं निघालं होतं, आईची सेवा करणारी लेक म्हणून शाल-श्रीफळ. तिने निरोप पाठवला की शाल ठेवा, पंचायतीच्या पायऱ्यांना आधी कठडा बसवा, पेन्शनला येणारी म्हातारी माणसं हातावर रांगत चढतात. सत्कार झाला नाही. कठडाही अजून बसलेला नाही. ती बाजाराला जाते तेव्हा दर खेपेला तिथे थांबून आत जे कुणी असेल त्याला ऐकवते.

लाहू रविवारी एसटीने येतो. सुरुवातीला विचारायचा, किती दिवस राहणार इथे? ती म्हणायची, मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं ना. आता विचारत नाही. या हिवाळ्यात भिकीआईचं चालणं कमी झालंय. कठडा धरून निघते, चिंचेपर्यंत जाते आणि पुढचं पाऊल कसं टाकायचं तेच विसरते. तिथे बसायला म्हणून लाहूने एक ओंडका आणून ठेवलाय, त्याला पाठ टेकायला फळी मारलीय. फळी जरा तिरकी बसली, त्यावरून जयवंतीने त्याला भरपूर ऐकवलं. तो हसला, खिळे काढले आणि पुन्हा ठोकायला बसला. भिकीआई कठड्याला टेकून उभी राहून त्याला सांगत होती, हातोडी कशी धरायची ते.